जंतू पोसणारी वास्तू : हाफकिन संस्थेची सव्वाशे वर्षे

मुंबईत परळच्या ज्या वास्तूत हाफकिन संस्था आहे, ती वास्तू संस्थेला जंतूंच्याच कृपेने मिळाली. सतराव्या शतकात तिथे ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ होता. इंग्रजांनी तो ताब्यात घेतला आणि पुढे तिथे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान झाले. मेजवान्या झडल्या, दरबार भरले. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी याच घरात पटकीने वारल्या. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते तेच हे फर्ग्युसन. त्यानंतर गव्हर्नरांचे मन परळमध्ये रमले नाही. मलबार हिलवरची हवा त्यांना मानवली आणि परळचा वाडा ओस पडला. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते त्याच वाड्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. पटकीमुळे रिकाम्या झालेल्या घरात प्लेगचा जंतू रीतसर राहायला आला. २०२४ मध्ये या गोष्टीला सव्वाशे वर्षे झाली.

मराठवाड्यातल्या वाचकाला ‘हाफकिन’ हे नाव बहुधा औषधाच्या बाटलीवरून ठाऊक असते. पावसाळ्यात शेतात घोणस किंवा फुरसे चावलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात येतो, तेव्हा त्याला दिले जाणारे इंजेक्शन अनेकदा याच नावाचे असते. या नावामागे ओडेसात जन्मलेला एक ज्यू शास्त्रज्ञ आहे आणि मुंबईतल्या त्याच्या कामाची सुरुवात उंदरांच्या रोगापासून झाली, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

जंतूंचा अभ्यास म्हटले की जंतू मारणे एवढेच डोळ्यांपुढे येते. परळला उलट घडले. तिथे जंतू आधी पोसले गेले, त्यांच्या आवडीनिवडी सांभाळल्या गेल्या आणि मग त्यांच्याकडून काम करून घेतले गेले. या संस्थेचा इतिहास त्या कामाचा इतिहास आहे.

१८९६–१८९९ : एक खोली आणि एक व्हरांडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतल्या प्लेगचे निदान केले. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये या रोगाचा जंतू सापडला होता. जंतू कळला होता, पण उपाय कळला नव्हता. मुंबई रिकामी होऊ लागली.

वाल्देमार हाफकिन तेव्हा हिंदुस्थानातच होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस तयार करून १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले आणि दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२,००० लोकांना त्यांनी पटकीची लस टोचली. ऑक्टोबर १८९६ मध्ये त्यांना मुंबईला बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. संस्थेची पहिली मनुष्यबळ-यादी एवढीच. त्या तीन शिपायांची नावे इतिहासाने जपली नाहीत. जंतूंचे चंबू रात्रंदिवस सांभाळण्याचे जोखमीचे काम त्यांच्या वाट्याला आले असणार, म्हणून निदान त्यांची आठवण इथे करायला हवी.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग मोडून आले, आणि ताप उतरलाही. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांतून जे आपणहून पुढे आले त्यांना लस दिली गेली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले.

आज कोणी याला नीट आखलेली चाचणी म्हणणार नाही. तुरुंगातल्या माणसाचे ‘आपणहून’ किती मोकळे असते, हा प्रश्नही आजचा वाचक विचारील, आणि तो विचारावाही. पण त्या दिवसांत दुसरा कुठलाच आकडा कोणाच्या हाती नव्हता. याच काळात पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. त्याच वर्षी जून महिन्यात पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर प्राणघातक हल्ला झाला. घरात शिरून केलेल्या झडत्यांमुळे लोक सरकारी डॉक्टरच्या सावलीलाही उभे राहायला तयार नव्हते. अशा वातावरणात सुई टोचून घ्यायला माणसे मिळवणे हे लस तयार करण्याइतकेच कठीण होते. आगाखान यांनी स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली, खोजा समाजातल्या हजारोंना तसे करायला लावले आणि प्रयोगशाळेला आपली ‘खुश्रू लॉज’ ही वास्तू वापरायला दिली. दोन-तीन बिऱ्हाडे बदलून प्रयोगशाळा परळला आली ती यानंतर.

१८९९–१९१० : तूप, मटणाचा अर्क आणि पिसवा

प्लेगचा जंतू वाढवायचा तर त्याला खाऊ घालायला हवे. युरोपात त्यासाठी गोमांसाचा अर्क वापरत. हाफकिन यांनी गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही टाळले आणि बोकडाचे मांस आम्लात जिरवून त्याचा अर्क काढला. लस कोणाच्या अंगात जाणार आहे याचा विचार त्या अर्कापासूनच सुरू झाला होता, आणि ही दूरदृष्टी लसीइतकीच महत्त्वाची होती असे म्हणायला हरकत नाही.

मग तूप. अर्काने भरलेल्या काचेच्या मोठ्या चंबूत तुपाचे थेंब तरंगत सोडले की प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली वाढत आणि द्रवात झुंबरासारखे लोंबत. चंबू जरा हलवला की लोंब तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नवे पीक धरे. पाच-सहा आठवडे असे पीक घेतल्यावर चंबू गरम करून जंतू मारले जात, टिकावासाठी थोडे कार्बोलिक आम्ल घातले जाई आणि लस बाटल्यांत भरली जाई. चंबूतले जंतू प्लेगचेच आहेत की दुसऱ्या कसल्या जंतूंनी घुसखोरी केली आहे, हे ओळखायलाही हेच लोंब उपयोगी पडत. कारण चंबू स्थिर ठेवला तर असे लोंबणे हा प्लेगच्या जंतूचा खास स्वभाव. वाड्याच्या ज्या दालनांतून पूर्वी गव्हर्नरांचा राबता होता, तिथे आता हे उद्योग चालत. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून अडीच कोटींहून जास्त मात्रा बाहेर गेल्या.

घुसखोरीची भीती खोटी नव्हती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे नंतर पुढे आले. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हाफकिन यांची बाजू घेतली आणि ते दोषमुक्त झाले. त्या पाच वर्षांत कोण कोणाला काय म्हणाले याच्या फायली जाड आहेत. त्या उघडण्याची ही जागा नव्हे. हाफकिन पुन्हा हिंदुस्थानात आले, पण कलकत्त्याला. परळला ते परतले नाहीत.

काम मात्र थांबले नाही. डब्ल्यू. बी. बॅनरमन आणि ग्लेन लिस्टन यांच्या काळात संस्थेने प्लेगच्या प्रवासाचा छडा लावला. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधतात आणि रोग माणसाकडे येतो, ही कल्पना आधी हसण्यावारी नेली गेली होती. लिस्टन यांनी प्लेग झालेल्या घरांत गिनिपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर जमणाऱ्या उंदरांच्या पिसवा मोजल्या. मग प्लेगच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने परळच्या आवारात प्रयोग केले. पिसवांची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातले गिनिपिग वाचत, जमिनीवरचे मरत. शहरभरातून पकडून आणलेले उंदीर एका वर्षात लाखाहून अधिक संख्येने इथे तपासले गेले. ते पकडणारे, टोपल्यांतून आणणारे आणि चिरून त्यांच्या गाठी पाहणारे हात शेकडो होते. या शोधावर नाव मोजक्यांचे लागले, पण तो त्या सगळ्यांचा.

१९११–१९३० : नावे बदलली, कामे वाढली

१९०६ मध्ये संस्थेचे नाव ‘बॉम्बे बॅक्टेरिओलॉजिकल लॅबोरेटरी’ झाले होते. प्लेगपुरते काम आता उरले नव्हते. पटकी, हिवताप, कुत्रा चावल्यावरची लस, पाण्याची तपासणी असे खाते पसरत गेले. १९२५ मध्ये संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने तिला ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव मिळाले. ज्याच्यावर एकेकाळी ठपका आला त्याचे नाव त्याच्या हयातीतच इमारतीवर लागले. हाफकिन १९३० मध्ये लोझानला वारले.

या दशकांतली सर्वांत नवलाची गोष्ट रोगजंतूंची नाही. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि हाफकिन संस्थेत बसून त्यांनी एका कोड्यावर काम केले. गिरणगावातल्या गरीब बायकांना गरोदरपणात असा पंडुरोग होई की त्या बाळंतपणाआधीच खचून जात, आणि लोहाने तो हटत नसे. विल्स यांनी आधी हा रोग जंतूंमुळे होतो का ते पाहिले. तसे काही सापडले नाही. मग उंदीर आणि माकडे त्या बायकांच्या जेवणावर ठेवली. आजारी पडलेल्या एका माकडाला मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टचा अर्क दिला आणि ते सुधारले. बायकाही सुधारल्या. त्या अर्कातले द्रव्य पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखले गेले. यीस्ट हा बॅक्टेरिया नव्हे, बुरशीच्या कुळातला जीव. तरी सूक्ष्मजीवांच्या उपयोगाची गोष्ट सांगताना त्याला बाहेर ठेवणे अन्यायाचे होईल. आज पैठण किंवा कन्नडच्या उपकेंद्रात आशाताई गरोदर बाईच्या हातावर लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी ठेवतात, तिचे एक मूळ परळला आहे.

१९३१–१९४९ : सोखींचा काळ

१९३२ मध्ये साहिब सिंग सोखी संचालक झाले. संस्थेचे हे पहिले भारतीय संचालक. अमृतसरचे, लष्करी वैद्यकीय सेवेतले आणि कडक शिस्तीचे. त्यांच्या पत्नी लीला म्हणजे कथ्थकच्या सुप्रसिद्ध नर्तिका मादाम मेनका. परळच्या जंतूंच्या इतिहासात त्यांना जागा नाही, पण एका घरात एवढ्या दोन वेगळ्या साधना चालल्या होत्या हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

सोखींनी मटणाचा अर्क आणि तूप दोन्ही बाजूला सारले. दुधातले केसिन आम्लाने फोडून त्यावर जंतू वाढवायची पद्धत त्यांनी बसवली. जंतूंचे अन्न ठरावीक झाले तशी लसही ठरावीक ताकदीची होऊ लागली. दुसरीकडे सल्फा औषधांचे युग उजाडले होते. सोखी, भालचंद्र बाबाजी दीक्षित, वागळे आणि रसायनतज्ज्ञ गणपती यांच्या गटाने १९४० च्या आसपास प्लेगवर सल्फाथायझोलचा उपयोग उंदरांत आणि नंतर रुग्णांत दाखवून दिला. तोवर प्लेग झालेल्या माणसापाशी बसून वाट पाहण्यापलीकडे डॉक्टरला फारसे काही करता येत नसे. हेच डॉ. दीक्षित पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले.

त्याच दशकात अमेरिकेत मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन निघाले आणि ते प्लेगवर सल्फापेक्षा सरस ठरले. मातीतला एक जंतू आपल्या शेजाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी जे रसायन सोडतो, ते माणसाने उचलून दुसऱ्या जंतूवर सोडले. परळच्या लसीत मेलेला जंतू माणसाच्या शरीराला धडा देत होता. आता जिवंत जंतू औषधाचा कारखाना झाला. सोखी १९४९ मध्ये निवृत्त झाले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेत साहाय्यक महासंचालक झाले.

१९५०–१९७४ : घोडे, साप आणि विषाचे विष मारणे

जंतूंचे विष घोड्याला थोडे थोडे टोचत गेले की त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, हे घटसर्प आणि धनुर्वाताच्या अभ्यासातून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच कळले होते. तीच युक्ती सापाच्या विषाला लागू पडली. पुण्याजवळ पिंपरीला संस्थेचे घोडे राहू लागले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर एकत्र चालणारे प्रतिविष तिथल्या घोड्यांच्या रक्तातून तयार होई. परळला सर्पालय होते. तिथे डॉ. पी. जे. देवरस यांनी सापांचे जगणे, चावणे आणि विष यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांचे भारतातल्या सापांवरचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ मध्ये छापले. साप धरणारे, त्यांचे विष काढणारे आणि घोड्यांची निगा राखणारे कर्मचारी हा या काळातला खरा कणा. त्यांच्यातल्या किती जणांना दंश झाले, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे असे आहे.

धनुर्वाताच्या जंतूचे विष फॉर्मलिनने बोथट केले की त्याचे टॉक्सॉइड होते: मारण्याची ताकद जाते, शिकवण्याची राहते. मुल्कोवालच्या १९ मृत्यूंनी ज्या संस्थेला हादरवले, त्याच संस्थेत पुढे धनुर्वाताच्या लसीचे उत्पादन होऊ लागले आणि ती खेडोपाडी बाळंतिणींपर्यंत पोहोचली. मातांचा आणि नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे २०१५ मध्ये प्रमाणित झाले. त्या यशाचे वाटेकरी अनेक आहेत, परळ त्यांतले एक.

१९५९ मध्ये हीरक महोत्सव साजरा झाला आणि त्याची स्मरणिकाही निघाली. १९६४ मध्ये टपाल खात्याने हाफकिन यांचे तिकीट काढले.

१९७५–१९९९ : एका घराचे दोन, आणि मामला

१९७५ मध्ये राज्य सरकारने संस्थेचे दोन भाग केले. लसी, प्रतिविषे आणि औषधे बनवण्याचे काम हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेले. प्रशिक्षण, संशोधन आणि चाचणी हे मूळ संस्थेकडे राहिले. वाटणीत कोणाच्या वाट्याला काय आले याबद्दल दोन्ही आवारांत वेगवेगळी मते आहेत. आवार मात्र एकच, आणि दोघांचे एकमेकांवाचून फारसे चाललेले नाही. महामंडळाने पुढे तोंडाने द्यायच्या पोलिओ लसीचा मोठा पुरवठा केला. ते काम विषाणूंचे, म्हणून इथे नुसता उल्लेख.

मराठवाड्याच्या दृष्टीने या काळातली मोठी घटना बीड जिल्ह्यातल्या मामला गावची. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पडक्या आणि सोडलेल्या घरांत धान्य राहिले आणि उंदीर माजले, असा तर्क तेव्हा मांडला गेला. ऑगस्ट १९९४ मध्ये मामल्यात पिसवा वाढल्याच्या तक्रारी आल्या आणि नंतर गाठीचा ताप दिसला. १९६६ नंतर देशात प्लेगची पक्की नोंद नव्हती. तरुण डॉक्टरांनी हा रोग पुस्तकात पाहिलेला. पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उसळला आणि देशभर घबराट पसरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत ८७६ संशयित रुग्ण आणि ५४ मृत्यू आले. मामल्यात कोणी दगावले नाही.

मुंबईतल्या पहिल्या साथीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी परळच्या प्लेग विभागाला पुन्हा काम लागले. मुंबईत नमुने येऊ लागले. रस्त्यावर माणसे तोंडाला रुमाल बांधून हिंडत होती आणि औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपले होते. टेट्रासायक्लिन हेही स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जंतूंचेच देणे. रांगेत उभ्या असलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की आपण एका जंतूपासून वाचायला दुसऱ्या जंतूचे रसायन विकत घेत आहोत?

२००० नंतर : आज

आज संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न राहून पदव्युत्तर आणि पीएच.डी.चे विद्यार्थी घडवते, औषधे आणि पाण्याची तपासणी करते आणि जनावरांकडून माणसाकडे येणाऱ्या रोगांवर नजर ठेवते. औषधांना न जुमानणारे जंतू ही आता जगभरातली मोठी काळजी आहे, आणि इथल्या संशोधकांनाही ती सतावते. २०२० मध्ये कोविडच्या चाचण्या परळला झाल्या. २०२१ मध्ये महामंडळाला कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगी मिळाली. त्या वेळी जाहीर झालेली नियोजित क्षमता वर्षाला २२.८ कोटी मात्रांची होती आणि त्यासाठी केंद्राने ६५ कोटी तर राज्याने ९४ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले.

मधल्या काही वर्षांत सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीची जबाबदारीही महामंडळाकडे होती. लस बनवणाऱ्यांच्या माथी खरेदीची निविदा-प्रक्रिया आली की काय होते, याची चर्चा मराठवाड्यातल्या रुग्णालयांत पुष्कळ झाली आहे. २०२३ मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले आणि महामंडळ आपल्या मूळ कामाकडे, म्हणजे प्रतिविषे आणि लसींकडे, वळायला मोकळे झाले. पिंपरीचे घोडे, परळचे जंतू आणि त्यांची निगा राखणारे कर्मचारी यांच्यावर ते काम आजही अवलंबून आहे.